खड्डे बुजवू नका: ड्रानजिक नदीच्या एका टोपोशीटचं प्रकरण

नदी अलास्काची, पण काम सगळं नागपुरात झालं, परसोडीच्या आयटी पार्कच्या आजूबाजूला जी छोटी छोटी जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणारी ऑफिसं आहेत ना त्यातल्याच एकात. नवीन पोट्ट्यांना पेड कामावर बसवायच्या आधी आम्ही त्यांच्याकडून एक पूर्ण टोपोशीट, म्हणजे जमिनीची उंची आणि पाणी दाखवणारा नकाशा, करून घेतो, फुकट मिळणाऱ्या पब्लिक डेटावर, पहिल्या क्लिकपासून मार्जिनमधल्या शेवटच्या नोटपर्यंत. यावेळी मुद्दाम सपाट आणि पाणथळ एरिया घेतला. डोंगर कोणीही काढतं, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा आपोआप छान येतात, खरी परीक्षा सपाटीवर होते, जिथं एक-दीड मीटरनं सगळं बदलतं.

एरिया होता युकॉन फ्लॅट्स. युकॉन नदी उत्तरेला जिथपर्यंत चढते त्या वळणाच्या आजूबाजूचं हे प्रचंड मैदान, आर्क्टिक वृत्त त्याच्यातूनच जातं, आणि त्यात ४०,००० च्या आसपास तळी, डबकी, जुन्या वळणांचे तुकडे. खाली बर्फानं गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, आणि वर उन्हाळ्यात चांगलीच गरमी, तिथल्या फोर्ट युकॉन गावात जून १९१५ मध्ये १०० फॅरनहाइट म्हणजे जवळपास ३८ डिग्री नोंदलं गेलंय आणि ते अजूनही अलास्काचं रेकॉर्ड आहे. रस्ता नाही, विमान नाहीतर बोट. आम्ही निवडली ड्रानजिक नदी, जुन्या नकाशांवर हिचं नाव ब्लॅक रिव्हर आहे, आता अधिकृत नाव ग्विचिन लोकांचं. ही जाते पोर्क्युपाइन नदीला मिळायला आणि पोर्क्युपाइन जाते युकॉनला. चालकीत्सिक नावाचं एक छोटं गाव काठावर आहे, बाकी मैलोन्‌मैल नागमोडी वळणं आणि दोन्हीकडं दलदल.

या जागेचा एक इतिहास सांगितल्याशिवाय पुढं जावत नाही. १९५० आणि ६० च्या दशकात खाली रॅम्पार्टला युकॉनवर धरण बांधायचा प्लॅन होता, झालं असतं तर हे अख्खं मैदान पाण्याखाली गेलं असतं आणि एरी सरोवरापेक्षा मोठा जलाशय तयार झाला असता. पक्षी, मासे आणि काठावरची गावं या कारणांवरून विरोध झाला आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या इंटिरिअर खात्यानं, म्हणजे सरकारी जमिनी आणि वन्यजीव सांभाळणाऱ्या खात्यानं, प्लॅनच्या विरोधात मत दिलं, मग तो बारगळला. १९८० मध्ये इथं वन्यजीव रेफ्यूज झालं. हे मी पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, कारण नकाशावर जी जागा कोरी दिसते तिथं कोणीतरी धरणाची रेघ मारतंच, गोसीखुर्द धरण आपल्याकडं सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळं वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता डेटा. एसआरटीएम, म्हणजे रडारनं मोजलेला जमिनीच्या उंचीचा डेटा, ज्यावर आपल्याकडं अर्धी इंजिनिअरिंग कॉलेजं प्रोजेक्ट करतात, ते इथं नाहीच. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानानं ११ दिवसांत ते घेतलं पण फक्त ६० अक्षांशापर्यंत, आणि आपली नदी ६६ च्या वर. जुने अमेरिकन नकाशे आहेत, एक इंच बरोबर एक मैल म्हणजे १:६३,३६० स्केलचे, सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटही याच स्केलच्या होत्या त्यामुळं बघायला घरचेच वाटतात, पण त्यांचा बेस १९५० च्या दशकातले एअर फोटो. मग २०१० नंतर अमेरिकन सरकारनं अख्ख्या अलास्काचं विमानातून रडारनं मॅपिंग केलं, त्याला इफसार म्हणतात, कारण ढग इतके की कॅमेऱ्याच्या भरवशावर राहिले असते तर कामच संपलं नसतं. त्याचं ५ मीटरचं डीटीएम म्हणजे जमिनीची उंची, डीएसएम म्हणजे झाडांसकट वरचा पृष्ठभाग, आणि रडारचा फोटो, हे तिन्ही फुकट डाउनलोड होतं. शिवाय आर्क्टिकडीईएम आहे, सॅटेलाइटच्या स्टिरिओ जोड्यांवरून, म्हणजे एकाच जागेच्या दोन कोनांतल्या फोटोंवरून केलेलं, २ मीटरचं, आणि त्याची प्रत्येक पट्टी तारखेसकट मिळते, या तारखेचं महत्त्व पुढं येईल.

काम सुरू झालं. आमच्या ऑफिसात हायड्रोलॉजीचा एक ठरलेला वर्कफ्लो आहे, बहुतेक सगळीकडं हाच असतो: डीटीएम घ्या, सिंक फिल करा, फ्लो डायरेक्शन म्हणजे पाणी कोणत्या दिशेला उतरतं ते काढा, मग फ्लो अ‍ॅक्युम्युलेशन, म्हणजे प्रत्येक जागी वरून किती पाणी जमतं ते, मग नाले आपोआप येतात. सिंक फिल म्हणजे काय तर चारी बाजूंनी उंच आणि मधे खोल असा जो काही भाग दिसेल तो सॉफ्टवेअर चूक समजतं आणि त्याच्या सगळ्यात खालच्या काठापर्यंत भरून टाकतं, म्हणजे मग प्रत्येक पिक्सेलमधलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी कोणाकडं तरी उतरतं आणि कुठंच अडकत नाही. सातपुड्यात, मेळघाटात हे बरोबर चालतं, कारण तिथं बंद खड्डा म्हणजे खरंच बहुतेक वेळा डेटाची गडबड असते.

ड्रानजिकच्या शीटवर फिल चालवलं आणि जे आलं ते बघायला एकदम स्वच्छ. नदीच्या दोन्ही बाजूचं मैदान गुळगुळीत, आणि त्यावरून नदीकडं जाणाऱ्या सरळ, एकमेकांना समांतर अशा निळ्या रेघा, कंगव्यानं ओढाव्यात तशा. एका पोट्टीनं त्या नाले म्हणून डिजिटाइझ करायलाही घेतल्या. तेव्हा शेजारचा एक जण, गोंदियाकडचा, ज्याच्या गावात दर दोन शेतांआड बोडी म्हणजे छोटं तळं आहे आणि जो मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या कुशीत वाढलाय, तो स्क्रीनकडं बघून म्हणाला, "काय करून राहिलीस? अशा रेघा नदीकाठी कुठं असतात? तलावच गायब केले ना बे यानं."

त्यानं फिलच्या आधीचा आणि नंतरचा डीटीएम एकमेकांतून वजा केला. एवढंच केलं. आणि त्या वजाबाकीत अख्खं युकॉन फ्लॅट्स दिसलं! एकात एक अडकलेले घोड्याच्या नालेसारखे आकार, काही पूर्ण, काही अर्धे पुसलेले, काहींच्या पोटातून दुसरं नवीन वळण गेलेलं, मधेच गोल गोल तळी, आणि नदीला लागून बारीक बारीक वाकड्या पट्ट्यांचे पंखे. सॉफ्टवेअरनं चूक म्हणून जे जे भरलं होतं तेच तिथलं पाणथळ होतं, तेवढंच आणि तेच. मी इतकी वर्षं हे काम करून राहिलोय पण वजाबाकीचा रास्टर बघून खुर्चीतून उठलो असं पहिल्यांदा झालं.

का होतं हे, ते समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर पुढच्या शीटवर परत तेच होईल. पुराचं पाणी काठ ओलांडतं तेव्हा त्याचा वेग काठावरच पडतो, जाड रेती तिथंच टाकली जाते, त्यामुळं नदीला लागूनची पट्टी, म्हणजे पूरतट, मागच्या मैदानापेक्षा उंच होत जातो आणि मागं राहिलेला सखल भाग कोंडला जातो. दुसरं, वळण वाढत वाढत त्याची मान बारीक होते आणि एका पुरात नदी मान तोडून सरळ जाते, मागं राहिलेलं वळण दोन्ही तोंडांना गाळानं बंद होतं, आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं नालाकृती सरोवर. आणि तिसरं जे आपल्याकडं नाही, गोठलेल्या जमिनीतला बर्फ वितळतो, जमीन बसते, खड्ड्यात पाणी साचतं, ते पाणी उन्हानं तापून आजूबाजूचा बर्फ आणखी वितळवतं आणि तळं मोठं होत जातं. तिन्ही प्रकारात शेवटी बंद खड्डाच तयार होतो. म्हणजे इथं बंद खड्डा हा अपवाद नाही, जमीन बनतेच तशी.

इथं आमच्या क्यूसीवाल्या म्हणजे काम तपासणाऱ्या ताईंनी जो आक्षेप घेतला तो एकदम वाजवी होता, आणि प्रकरणाचा खरा गाभा मला तोच वाटतो. त्या म्हणाल्या, इफसारचं स्पेसिफिकेशन वाचा, दहा डिग्रीपेक्षा कमी उताराच्या जमिनीवर उभी चूक ३ मीटरपर्यंत, ती पण दहातल्या नऊ ठिकाणी. तुमचा खड्डा दीड मीटरचा. चुकीपेक्षा लहान वस्तू तुम्ही खरी कशी म्हणता?

यावर दोन दिवस ऑफिसात चहाच्या टपरीपर्यंत वाद चालला. उत्तर असं निघालं की तो ३ मीटरचा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आहे, म्हणजे अख्खी पट्टी थोडी वर किंवा खाली बसलेली असू शकते, पण शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये ती चूक बरीचशी सारखीच असते, त्यामुळं एकमेकांच्या तुलनेत उंच-सखल हे जास्त भरवशाचं. आणि चूक विखुरलेली असते. एखादा पिक्सेल खोटं बोलेल, पण शेकडो पिक्सेल मिळून एकसारख्या रुंदीचं, एकसारख्या वाकाचं वळण काढत नाहीत. तरी ताईंचं म्हणणं अर्धं मान्य करावंच लागलं, म्हणून ठरलं की नुसत्या डीटीएमच्या जोरावर एकही खड्डा ठेवायचा नाही, प्रत्येकाला बाहेरचा साक्षीदार पाहिजे.

पहिला साक्षीदार पाण्याची नोंद. १९८४ पासूनच्या लँडसॅट या सॅटेलाइटच्या फोटोंवरून ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनात पाणी किती वेळा दिसलं याचा जागतिक नकाशा युरोपियन कमिशनच्या जेआरसी या संशोधन केंद्रानं केलाय, त्यात कायमचं आणि हंगामी पाणी वेगळं दाखवतात. फक्त ६६ अक्षांशावर वर्षातले बरेच महिने बर्फ आणि अंधार, त्यामुळं तिथं ही नोंद म्हणजे उन्हाळ्यातल्या थोड्या महिन्यांचीच, हे ध्यानात ठेवावं लागतं. दुसरा साक्षीदार झाडं. डीएसएममधून डीटीएम वजा केलं की झाडांची उंची मिळते, आणि पूरतटावर उंच झाडं, खड्ड्यात नुसतं गवत, अशी पट्टी खड्ड्याच्या आकाराबरोबर जुळली तर बात पक्की. यात एक धोका आहे, रडारची एक्स-बँड ही आखूड लहर दाट झुडपांच्या डोक्यावरूनच परत येते, त्यामुळं विलोच्या झुडपांनी भरलेला काठ डीटीएममध्येही खोटा उंच दिसू शकतो आणि त्याच्या मागं नसलेला खड्डा तयार होतो. असे खड्डे आम्ही काढून टाकले. ताईंमुळंच.

तिसरा साक्षीदार लेझर. नासाचा आइससॅट-२ हा सॅटेलाइट सप्टेंबर २०१८ मध्ये वर गेला, सहा किरणांनी खालची उंची मोजत जातो आणि शांत पाण्यावर डेसिमीटरच्या पातळीचा फरक दाखवतो. अडचण अशी की किरणांच्या जोड्यांमधे तीनेक किलोमीटर अंतर, म्हणजे बऱ्याच तळ्यांवरून तो गेलाच नाही. पण एका ठिकाणी एकच किरण लागून असलेल्या दोन तळ्यांवरून गेला होता, मधे जेमतेम एक झाडांची पट्टी, फिल केलेल्या मॉडेलमध्ये ती दोन्ही तळी मिळून एकच सपाट चादर झाली होती आणि तिच्यातून नाला नदीकडं निघाला होता. लेझरमध्ये दोघांची पातळी सरळ वेगळी, ग्राफवर दोन पायऱ्या! म्हणजे पाणी एकमेकांत जातच नाही. यापुढं फिलच्या बाजूनं कोणी बोललं नाही.

लेझरची उंची वापरताना एक गोष्ट सगळ्या नवीन लोकांना शिकवावी लागते. हे सॅटेलाइट एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून उंची सांगतात, समुद्रसपाटीपासून नाही. हे समजवायला आम्ही सगळ्यांना झिरो माईलला नेतो. तिथल्या बेंचमार्कची, म्हणजे मोजून ठेवलेल्या खुणेची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर, आणि जीपीएसची कच्ची उंची तिथं त्यापेक्षा साठेक मीटरनं कमी भरते, कारण आपल्याकडं जिओइड, म्हणजे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे. अलास्कात उलटं, तिथं कच्ची उंची काही मीटर जास्त येते. हे दुरुस्त न करता लेझर आणि इफसार एकत्र टाकलं तर सगळी तळी हवेत. नागपूरकर म्हणून मला झिरो माईलचा हा उपयोग फार आवडतो, लोक तिथं फक्त घोड्यांसोबत फोटो काढून निघून जातात. या भारताच्या महासर्वेक्षणाचा पाया घालणारा लॅम्बटन नागपूरला येतानाच जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे, जमलं तर बघून या.

कंटूरचं काय केलं ते सांगतो. अमेरिकेत नकाशाच्या अचूकतेचा १९४७ पासूनचा नियम असा की तपासलेल्या उंचींपैकी ९० टक्के कंटूर इंटरव्हलच्या, म्हणजे दोन कंटूरमधल्या उंचीच्या फरकाच्या अर्ध्यात बसल्या पाहिजेत. आपली चूक ३ मीटर, म्हणजे इंटरव्हल ६ मीटरच्या खाली नेणं म्हणजे वाचणाऱ्याला फसवणं. म्हणून २० फुटांचा इंटरव्हल. पण मग दीड मीटरचा खड्डा कंटूरमध्ये दिसणारच नाही! बरेच जण इथं मोह आवरत नाहीत, एक-एक मीटरचे कंटूर काढून शीट भरून टाकतात, दिसायला भारी दिसते. आम्ही ते केलं नाही. पक्क्या खड्ड्यांच्या कडा तुटक रेषेनं, आतल्या बाजूला छोटे दात देऊन काढल्या, उंचीचा आकडा न लिहिता, म्हणजे इथं जमीन खोल आहे एवढं खात्रीनं म्हणतोय, किती ते म्हणत नाही. जिथं लेझरची पातळी मिळाली तिथं तेवढा स्पॉट हाइट, म्हणजे त्या एका जागेच्या उंचीचा आकडा टाकला. पाण्याचे तीन भाग केले: कायमचं, हंगामी आणि दलदल.

आणि तारीख. मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटतो, लाद्या वळणात अडकून तात्पुरता बांध तयार होतो आणि पाणी मागं फुगून मैदानात पसरतं, दूरच्या कितीतरी तळ्यांना नवीन पाणी फक्त अशाच वेळी मिळतं. जूनचा फोटो बघून काढलेलं तळं आणि ऑगस्टअखेरचं तळं यांच्या कडा जुळत नाहीत, आणि १९५० च्या फोटोंशी तुलना केली तर बाहेरून पाणी न येणारी बरीच बंद तळी आकसलेली दिसतात. त्यामुळं तारखेशिवाय पाण्याची कड ही अर्धवट माहिती आहे असं माझं पक्कं मत झालंय. आम्ही प्रत्येक कडेसोबत साठवलेल्या माहितीत म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फोटोची तारीख टाकली आणि मार्जिनमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं. काम वाढलं, पोट्टे कुरकुरले, पण टाकली.

जुन्या शीटशी तुलना करताना आणखी एक प्रश्न आला: नदीची रेघ सरकलेली दिसते, तर नदी सरकली की जुना नकाशाच चुकलेला? याची एक चांगली परीक्षा आहे. तळी, टेकड्या, नदी सगळंच एका दिशेला सारखं सरकलं असेल तर नकाशाचा दोष. फक्त वळणांची बाहेरची बाजू सरकली असेल आणि आतल्या बाजूला त्या वाकड्या रेतीच्या पट्ट्या एकामागं एक वाढलेल्या असतील तर नदी चालली. आमच्या शीटवर दोन्ही गोष्टी होत्या, आधी सगळं जुनं शीट टेकड्यांवर बसवून सरकवलं, मग उरलेला फरक नदीचा.

यानंतर हीच टीम नागपूरजवळच्या कन्हान नदीवर बसवली, कामठीजवळ, जिथं बीना संगमला कन्हान, पेंच आणि कोलार भेटतात तिथून पुढं. टोपोशीट ५५ ओ/४. तिथं कंटूर २० मीटरचे, म्हणजे अख्खं पूरमैदान दोन रेषांच्या मधे, काहीच दिसत नाही. कार्टोसॅट या भारतीय सॅटेलाइटच्या डीईएमवर, म्हणजे उंचीच्या डेटावर, फिल न करता बघितलं तर खड्डे भरपूर, पण इथं गोष्ट वेगळी निघाली, नदीपात्रातले बरेच खड्डे रेतीघाटाचे, म्हणजे रेती उपसण्याच्या जागांचे आहेत. ते खरे आहेत, पण निसर्गानं केलेले नाहीत आणि पुढच्या पुरात जागा बदलतील. ते ना बुजवायचे ना पाणथळ म्हणून दाखवायचे, त्यांचा वेगळा लेयर केला, उत्खनन म्हणून, तारखेसकट. पावसाळ्यात ढगांमुळं साधे फोटो बिनकामाचे, म्हणून सेंटिनेल-१ या युरोपियन सॅटेलाइटचं रडार, ज्यात मोकळं पाणी काळं दिसतं.

इथं एका रेषेवर अजून आमचं एकमत नाही. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत नदीचं पात्र व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे सोडून दिलेलं एखादं जुनं वळण आम्ही नदीचाच भाग म्हणून रंगवलं तर ते त्या व्याख्येच्या बाहेर जातं, वेगळं तळं म्हणून काढलं तर आत येऊ शकतं. आणि देशाच्या पाणथळ अ‍ॅटलासमध्ये २.२५ हेक्टरपेक्षा लहान पाणथळ म्हणजे फक्त एक टिंब, त्यामुळं तिकडून आधार मिळत नाही. ताई म्हणतात पुरात वळण नदीला जोडलं जातं, सो पात्र. गोंदियावाला म्हणतो वर्षातले दहा महिने तुटलेलं असतं, मग पात्र कसं? दिवाळीनंतर वाट सुकली की ऑटो लेव्हल ही उंची मोजायची दुर्बीण आणि स्टाफ म्हणजे मोजपट्टीची काठी घेऊन वळणाच्या दोन्ही तोंडांची उंची जवळच्या बेंचमार्कवरून घ्यायची असं ठरलंय, नदी कोणत्या पातळीला आली की पाणी आत शिरतं ते कळेल, आणि तोपर्यंत शीटवर त्या वळणाची कड तुटकच ठेवली आहे.